११८.४७५० म्हणजे किती अंश? एका ट्रॅव्हर्सचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका सर्वेक्षण गटाकडे मोठ्या आवाराच्या हद्दीचा नकाशा करण्याचे काम होते. हद्दीभोवती त्यांनी पाच स्टेशनांचा बंद ट्रॅव्हर्स टाकला, म्हणजे एका बिंदूवरून दुसऱ्यावर कोन आणि अंतरे मोजत पुन्हा पहिल्यावर येणारी साखळी. त्या स्टेशनांना इथे अ, ब, क, ड, इ म्हणू. बाजू दीडशे ते दोनशे मीटरच्या, एकूण परिमिती सुमारे ८९१ मीटर. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे उपकरण, ५ सेकंद अचूकतेचे (सेकंद कोनाचे: अंशाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद). प्रत्येक स्टेशनवरचा आतला कोन दोन्ही फेसवर, म्हणजे दुर्बीण उलटवून दोनदा, मोजलेला, ट्रायपॉड नीट रोवलेले, बुडबुडा पुन्हा पुन्हा तपासलेला. मैदानावरच्या कामात खोट काढण्यासारखे काही नव्हते आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत. कोनांचे आकडे मात्र पूर्ण दिले आहेत, कारण प्रकरण त्या आकड्यांतच आहे. वाचणाऱ्याने कॅलक्युलेटर घेऊन ते ताडून पाहावेत.

उपकरणाच्या पडद्यावर कोन १०२°१४′३५″ असा दिसायचा. फाईल बाहेर काढली की तोच कोन १०२.१४३५ असा यायचा. बिंदूनंतरचे पहिले दोन अंक मिनिटांचे, पुढचे दोन सेकंदांचे. ही पद्धत कित्येक उपकरणांत आणि डेटा कलेक्टरमध्ये आहे. अंशाच्या आणि मिनिटाच्या खुणा फाईलमध्ये अडचण करतात, म्हणून सगळे एका संख्येत बसवले जाते. दिसायला ती संख्या अगदी दशांश अंशांसारखी दिसते.

गणनाची स्प्रेडशीट जुनी होती. ती बनवली तेव्हा गटाकडे वेगळे उपकरण होते आणि ते दशांश अंशांतच फाईल द्यायचे. शीटमध्ये कोनाला पायने गुणून १८० ने भागले जायचे, कारण स्प्रेडशीटची साइन-कोसाइन फंक्शने रेडियन (कोनाचे दुसरे एकक, १८० अंश म्हणजे पाय रेडियन) मागतात. त्या उपकरणासाठी शीट पूर्ण बरोबर होती. नवे उपकरण आले, शीट तीच राहिली. बदल करताना तपासणी झाली होती, पण ४५, ९० आणि १८० या किमती घालून. या तिन्ही किमतींत मिनिटेही नाहीत नि सेकंदही नाहीत. ४५°००′००″ दोन्ही पद्धतींत ४५.०००० च लिहिले जाते, म्हणजे चूक असती तरी ती दिसण्याचा मार्गच या तपासणीत नव्हता.

अडचण

फाईलमधून शीटमध्ये आलेले कोन असे होते:

अ: १०२.१४३५
ब: ११८.४७५०
क: ९६.३२१०
ड: १२७.०८२५
इ: ९५.१७२०

पंचकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज (५ − २) × १८०, म्हणजे ५४० अंश यायला हवी. शीटने दाखवली ५३९.१९४०. फरक ०.८०६० अंशाचा.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो कुणाच्या फारसा लक्षातही आला नाही. "पॉइंट आठ कमी आहे" असे म्हणून हा फरक पाच कोनांत सारखा वाटून टाकला गेला, प्रत्येकी ०.१६१२. बेरीज ५४० झाली, शीटमधला लाल रंग गेला आणि काम पुढे सरकले.

०.८०६० अंश म्हणजे ४८ मिनिटे २२ सेकंद. सेकंदांत मोजले तर २,९०० च्या वर. उपकरण ५ सेकंदांचे आहे. मैदानावरची वाचने इतकी चुकायला कुणीतरी भलत्याच प्रिझमवर (समोरच्या स्टेशनवर उभ्या केलेल्या परावर्तकावर) दुर्बीण लावायला हवी होती. पण ०.८ हा आकडा एकापेक्षा लहान असल्यामुळे क्षुल्लक वाटला. हाच फरक शीटने अंश-मिनिट-सेकंदांत दाखवला असता, तर '४८ मिनिटे' वाचून कोणताही अनुभवी सर्वेक्षक जागच्या जागी थांबला असता. फरक कोणत्या एककात दाखवायचा हा दिखाऊपणाचा प्रश्न नाही. माणसाला चूक कळते की नाही, ते त्यावर ठरते.

पुढे स्टेशनांचे निर्देशांक (नकाशावरचे x-y स्थान) काढल्यावर ट्रॅव्हर्स बंद होईना. अ पासून निघून पुन्हा अ वर आल्यावर ७६ सेंटीमीटरचा क्लोजिंग एरर आला. परिमितीशी प्रमाण साधारण १:१,१७०. गटाची नेहमीची कामे १:२०,००० च्या खाली जात नसत.

समोर असलेले पर्याय

गटप्रमुखांसमोर तीन वाटा होत्या.

एक, बाउडिचच्या पद्धतीने ७६ सेंटीमीटर सगळ्या बाजूंत त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायचे आणि नकाशा द्यायचा. मुदत जवळ होती, त्यामुळे हा मोह खरा होता. गटप्रमुखांनी तो नाकारला. हद्दीच्या कामात इतका एरर लपवायचा नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरी, अंतरांवर संशय घ्यायचा. प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे प्रिझमच्या प्रकारानुसार अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती, चुकीचा पडला असेल असे काहींना वाटले. पण कॉन्स्टंटची गल्लत झाली तर फरक पडतो सहसा ३० मिलीमीटरच्या आसपास, तोही प्रत्येक बाजूत सारखा, आणि बंद आकृतीत त्याचा बराचसा भाग समोरासमोरच्या बाजूंत कापला जातो. त्यातून ७६ सेंटीमीटर निघत नाहीत. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा होता, तो झाला आणि ही वाट बंद झाली.

तिसरी, सगळा ट्रॅव्हर्स पुन्हा मोजायचा. गट याकडे झुकला होता. दुसऱ्या दिवसाची तयारीही सुरू झाली.

चौथी वाट कुणी मांडलीच नव्हती: मैदानावर जाण्याआधी फाईलपासून शीटपर्यंत आकडा कसा पोचतो ते पाहणे. शीट वर्षानुवर्षे चाललेली, म्हणून ती संशयाच्या बाहेर होती. पुन्हा मोजणी झाली असती तरी तेच उपकरण, तीच फाईल, तीच शीट. बेरीज पुन्हा ५३९.१९ च्या आसपास आली असती आणि 'दोनदा मोजले, दोनदा तेच आले' म्हणून चुकीवर शिक्कामोर्तब झाले असते. या प्रकरणातला सगळ्यात धोकादायक पर्याय मला हाच वाटतो, कारण वरवर तो सगळ्यात प्रामाणिक दिसतो.

जुन्या वहीतले आकडे

गणन पाहणाऱ्या सहकारी म्हणाल्या, "सर, निघण्याआधी या जागेची जुनी फिल्डबुक, मोजणीची वही, एकदा बघूया का? स्टेशनांचे खुंटे तेच आहेत."

गटप्रमुख म्हणाले, "बघितली मी. ती या जागेची नाहीच, मॅडम. अ चा कोन ११३ लिहिलाय. आपला १०२ आहे."

वहीत आकडे होते ११३.६०२५, १३१.९९६५, १०७.२६३०, १४१.२६६०, १०५.८७७०. एककाचे नाव कुठेच नाही. बाईंनी पाचांची बेरीज केली: ६००.००५०. पंचकोनाची बेरीज ६०० कधी येते? पूर्ण वर्तुळाचे ३६० ऐवजी ४०० भाग केले, तर (५ − २) × २००. म्हणजे जुन्या गटाने उपकरण गॉनवर ठेवले होते.

गॉन, म्हणजेच ग्रेड किंवा ग्रॅडियन, हे एकक अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मेट्रिक मापांबरोबर पुढे आले. काटकोनाचे १०० भाग. विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर १ कोटी मीटर धरून मीटर ठरवला होता, त्यामुळे रेखावृत्तावर १ गॉन म्हणजे साधारण १०० किलोमीटर इतका तो हिशेब सुटसुटीत होता. युरोपातल्या काही देशांत सर्वेक्षक आजही ते वापरतात आणि बहुतेक टोटल स्टेशनांच्या सेटिंगमध्ये ते असते. १ गॉन म्हणजे ०.९ अंश. या प्रकरणात गॉनचा मोठा उपयोग झाला तो त्यात मिनिट-सेकंदांची भानगड नसल्यामुळे. गॉनमध्ये बिंदूनंतरचे अंक नेहमी दशांशच असतात, ते दोन प्रकारे वाचता येत नाहीत.

बाईंनी प्रत्येक आकड्याला ०.९ ने गुणले. अ आला १०२.२४२२५ अंश. शीटमध्ये होता १०२.१४३५. जवळ, पण एक नाही. जागा तीच आहे हे पक्के झाले आणि काहीतरी बिघडले आहे हेही.

उलगडा

बाईंनी पाचही कोनांचे फरक मांडले आणि मग ते मिनिटांच्या चढत्या क्रमाने लावले. हे त्यांना का सुचले, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, फरक सगळे एकाच दिशेचे होते, पण सारखे नव्हते. म्हणजे तो कशाच्या तरी मापाने वाढत असणार, एवढेच त्यांच्या मनात होते.

ड मध्ये बिंदूनंतर ०८, फरक ०.०५६९.
अ मध्ये १४, फरक ०.०९८८.
इ मध्ये १७, फरक ०.११७३.
क मध्ये ३२, फरक ०.२१५७.
ब मध्ये ४७, फरक ०.३२१९.

बिंदूनंतरचे दोन अंक वाढतात तसा फरक वाढतो. प्रत्येक एककामागे सुमारे ०.००६७. हा आकडा कुठून आला? १/६० वजा १/१०० म्हणजे ०.००६६७. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि शीट त्याला शंभरावा भाग समजत होती.

मग फाईलमधली सगळीच वाचने डोळ्यांखालून घातली गेली. बिंदूनंतर पहिल्या जोडीत ६० किंवा त्याहून मोठा अंक एकाही ओळीत नव्हता, दुसऱ्या जोडीतही नव्हता. खरे दशांश असते तर प्रत्येक जोडीत ६० ते ९९ मधले काहीतरी येण्याची शक्यता दहांत चार. नुसत्या या पाच कोनांच्या दहा जोड्या धरल्या, तरी त्या सगळ्या योगायोगाने साठाच्या खाली राहण्याची शक्यता हजारात सहा. पूर्ण फाईलचा विचार केला तर शंकेला जागाच नव्हती. ही खूण कुठल्याही अनोळखी फाईलवर मिनिटभरात तपासता येते आणि तिला जुन्या वहीचीही गरज लागत नाही.

आता ११८.४७५० म्हणजे ११८°४७′५०″, दशांशात ११८.७९७२. बाकीचे कोनही तसेच वाचले तर बेरीज येते ५४०°००′२०″. पाच स्टेशनांना मिळून २० सेकंद, म्हणजे प्रत्येकी ४. मोजणी उत्तम झाली होती. जुन्या वहीतल्या कोनांशीही ती तीन-चार सेकंदांच्या आत जुळली.

सुरुवातीला ०.१६१२ वाटून टाकल्याने काय झाले होते तेही पाहण्यासारखे आहे. ड मध्ये मिनिटे थोडी, त्याला गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती मिळाली. ब मध्ये मिनिटे जास्त, त्याला फार कमी मिळाली. ब चा कोन दुरुस्तीनंतरही ९.६ मिनिटांनी कमी राहिला. बेरीज बरोबर, पण आकृती वाकडी.

९.६ मिनिटे किती मोठी, हे जमिनीवर समजायला एक सोपा आकडा आहे: ३४३८. वर्तुळात २१,६०० मिनिटे असतात. त्यांना दोन पायने भागले की एका रेडियनची मिनिटे येतात, ३४३७.७५. आर्यभटाच्या ज्यासारणीत (साइनच्या कोष्टकात) त्रिज्या ३४३८ कला, म्हणजे मिनिटे, धरली आहे ती याच हिशेबाने, म्हणजे रेडियनमागची कल्पना तिथे इसवी सन ४९९ च्या सुमारास कामाला लागलेली दिसते. अंतराला ३४३८ ने भागले की एका मिनिटाने किती बाजूला सरकतो ते कळते. १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर. ब ते क १५० मीटर, तेव्हा ९.६ मिनिटांना जवळजवळ ४२ सेंटीमीटर. ७६ सेंटीमीटरचे गूढ इथेच अर्धेअधिक उलगडते.

केलेली दुरुस्ती

शीटमध्ये रूपांतराचे सूत्र घातले: संख्येचा पूर्णांक म्हणजे अंश, उरलेल्याला १०० ने गुणून त्याचा पूर्णांक म्हणजे मिनिटे, त्यातून उरलेल्याला पुन्हा १०० ने गुणून सेकंद. पाचही कोन बरोबर आले. इथे थांबता आले असते. बाईंनी मात्र मुद्दाम वेडीवाकडी वाचने घालून पाहिली आणि १२७.०८ वर सूत्र अडखळले. १२७°०८′००″ चे उत्तर १२७.१३३३ यायला हवे, येत होते १२७.१४४४. फरक ४० सेकंदांचा.

कारण संगणकाच्या पोटात आहे. १२७.०८ ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी बसत नाही, ती अगदी किंचित कमी साठवली जाते. त्यातून १२७ वजा करून १०० ने गुणले की ८ ऐवजी ७.९९९९९९९९९९९९८ येते. पूर्णांक घेतला की मिनिटे ७, आणि उरलेले ९९.९९ सेकंद म्हणून मोजले जातात. ७ मिनिटे १०० सेकंद म्हणजे ८ मिनिटे ४० सेकंद. ही चूक सगळ्या वाचनांत होत नाही, सेकंद शून्य असलेल्या काहींतच होते. म्हणून ती वर्षानुवर्षे लपून राहू शकते. उपाय सोपा: आधी संख्येला १०,००० ने गुणून पूर्णांकात राउंड करायचे, १२,७०,८०० मिळवायचे, आणि मग अंश, मिनिटे, सेकंद वेगळे काढायचे.

आणखी एक खड्डा ऋण कोनांचा. चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) −०°३०′ असला तर तो −०.३००० लिहिला जातो, आणि स्प्रेडशीटचे पूर्णांक काढणारे फंक्शन त्याचे −१ करते, कारण ते नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जाते. म्हणून चिन्ह आधी बाजूला काढायचे, धन संख्येचे रूपांतर करायचे, शेवटी चिन्ह परत लावायचे.

निष्पत्ती

दुरुस्त शीटवर क्लोजिंग एरर ३ सेंटीमीटरच्या आत आला, म्हणजे प्रमाण साधारण १:३०,०००. पुन्हा मोजणी रद्द झाली. नकाशा मुदतीत गेला.

पण एवढ्याने काम संपले नव्हते. नवे उपकरण आल्यापासून त्याच शीटमधून गेलेली इतर कामे कोणती, हा प्रश्न गटप्रमुखांनी त्याच दिवशी विचारला आणि ती सगळी पुन्हा गणनाला घेतली. काहींत कोनांची मिनिटे लहान असल्यामुळे एरर मर्यादेत बसून गेला होता. ती कामे 'पास' होती आणि तरीही चुकीची होती. संबंधितांना दुरुस्त निर्देशांक कळवले गेले. या सगळ्या प्रकरणात हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो टाळला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

वेगळे काय करता आले असते

तपासणीच्या किमती. ४५ आणि ९० ऐवजी ३०°३०′००″ घातला असता तर उत्तर ३०.५ येते की ३०.३ ते पहिल्याच मिनिटाला दिसले असते. गटाने आता शीटच्या पहिल्या पानावर कायमच्या चाचण्या ठेवल्या आहेत: ३०°३०′००″, १२७°०८′००″, ५९°५९′५९″ आणि −०°३०′००″. उपकरण किंवा शीट बदलली की आधी या चार.

फरक वाटून टाकण्याआधीची मर्यादा. शीटमध्ये आता बेरजेतला फरक सेकंदांत दिसतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असला तर वाटून टाकण्याची सोयच बंद होते. हे कुलूप काढायला गटप्रमुखांची सही लागते. काहींना हे जाचक वाटले. मला ते योग्यच वाटते. दुरुस्ती वाटणे हे मोजणीतल्या लहान, अटळ फरकांसाठी आहे. रूपांतराची चूक त्या जातीची नाही, ती वाटल्याने कमी होत नाही, फक्त सगळीकडे पसरते.

कॅलक्युलेटरवर पडताळा घेताना त्याचा मोड आधी बघायला हवा, हेही याच वेळी नियमात आले. ३० चा साइन काढायचा: ०.५ आला तर अंश, −०.९८८ आला तर रेडियन, ०.४५४ आला तर ग्रॅडियन. रेडियनची चूक उघड दिसते, ग्रॅडियनची दिसत नाही. तो आकडा खऱ्या उत्तराच्या इतका जवळ असतो की घाईत तसाच उतरवला जातो.

आणि स्तंभांची नावे. पूर्वी नुसते 'कोन' होते. आता 'कोन, अंश-मिनिट-सेकंद जोडून', 'कोन, दशांश अंश', 'कोन, रेडियन' असे तीन स्वतंत्र स्तंभ आहेत आणि मूळ स्तंभावर कुणी सूत्र चालवत नाही. फिल्डबुकच्या प्रत्येक पानावर एककाची चौकट छापली आहे.

एका मुद्द्यावर गटात अजून मतभेद आहेत. गटप्रमुखांचे म्हणणे, उपकरणातूनच दशांश अंशांत फाईल काढावी, म्हणजे रूपांतराची पायरीच राहणार नाही. बाईंचे म्हणणे, पडद्यावर एक नि फाईलमध्ये दुसरे असले की मैदानावर उभ्या माणसाला आपले वाचन फाईलशी ताडता येत नाही, म्हणून फाईल पडद्यासारखीच असावी आणि रूपांतर शीटमध्ये, डोळ्यांसमोर व्हावे. माझे मत बाईंच्या बाजूने आहे. तूर्तास फाईल जोडून लिहिलेल्या पद्धतीतच येते, आणि तिच्या पहिल्या ओळीत ते स्पष्ट लिहिलेले असते.